एकशे वीस दिवस

एक बाई आहे. तिच्या अंगावर पिणारं मूल आहे. त्यातच तिला पुन्हा दिवस गेले आणि दूध आटलं. दुसऱ्या बाईला पैसे देऊन मुलाला दूध पाजून घ्यावं, एवढी नवऱ्याची ऐपत नाही. अंगावरचं मूल दगावेल अशी तिला भीती वाटते. तर या बाईने औषध घेऊन पोटातला गर्भ पाडला तर चालेल का?

हा प्रश्न 'फतावा-ए-आलमगिरी'त आहे. म्हणजे औरंगजेबाच्या हुकमावरून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालेल्या कायद्याच्या जाडजूड अरबी ग्रंथात. बुऱ्हाणपूरच्या शेख निजाम यांच्या देखरेखीखाली उलेमांची एक मोठी टोळीच या कामाला बसवली होती. त्यांनी हनफी पंथाचे आधीचे ग्रंथ चाळून विषयवार निर्णय एकत्र केले. आपल्या मनात औरंगजेबाचं जे चित्र आहे (खुलताबादला त्याची कबर आहे, आणि तिच्यावरून आपण अजून भांडतो), त्याच्याशी या प्रश्नाचं उत्तर जुळवायला जरा वेळ लागतो. उत्तर असं आहे: चालेल. गर्भाचे अवयव तयार झालेले नाहीत तोवर चालेल. आणि अवयव १२० दिवसांच्या आत दिसू लागत नाहीत. ४० दिवस थेंब, ४० दिवस गोठलेल्या रक्ताची गाठ, ४० दिवस मांसाचा गोळा.

थोड्याच ओळी वर आणखी एक मत नोंदवलेलं आहे की गर्भाला केस, नखं वगैरे दिसू लागल्यावर असं औषध घेऊ नये, त्याआधी चालतं. पाठोपाठ लिहिलंय की आमच्या काळात मात्र ते कसंही चालतं आणि फतवा त्यावरच आहे. आणि त्याच्याही शेजारी अगदी उलट मत: स्वतंत्र बाईला हे मुळीच करता येत नाही, दासीबद्दल मतभेद आहेत पण तिथेही मनाई हेच बरोबर. तीन मतं, एकाच पानाच्या अंतरात, एकमेकांशी भांडत बसलेली. कुणी त्यांची समजूत घातलेली नाही. जुन्या फिकहच्या (म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या) ग्रंथांची ही खोड मला फार आवडते. "इस्लाम गर्भपाताबद्दल काय म्हणतो?" असा प्रश्न आपण विचारतो तेव्हा एकच कुणीतरी बोलणार आहे असं धरून चालतो. प्रत्यक्षात तिथे हजारेक वर्षांची गलबल आहे.

तर हे १२० दिवस आले कुठून?

कुराणात (तेविसाव्या सूरेत) माणूस कसा घडतो त्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. मातीच्या सत्त्वापासून सुरुवात, मग थेंब, मग गाठ, मग गोळा, मग हाडं, हाडांवर मांस, आणि शेवटी काहीतरी वेगळीच निर्मिती. या 'वेगळ्या निर्मिती'चा अर्थ बहुतेक भाष्यकारांनी आत्मा असा लावला. दिवसांचा आकडा मात्र कुराणात नाही. तो हदीसमध्ये आहे. इब्न मसूद यांनी सांगितलेली एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिच्यात चाळीस-चाळीसच्या तीन टप्प्यांनंतर देवदूत येऊन गर्भात प्राण फुंकतो असं आहे. म्हणून १२०. पण मुस्लिमच्याच संग्रहात दुसरी एक हदीस आहे, तिच्यात देवदूत ४२ रात्रींनंतरच येतो आणि आकार, कान, डोळे देतो. झालं! ज्यांना कडक राहायचं होतं त्यांनी चाळिसाचा आकडा धरला, ज्यांना सवड ठेवायची होती त्यांनी एकशे विसाचा. (हे अगदीच ढोबळ झालं, पण साधारण असंच.)

चार महिन्यांचा हा हिशेब एकट्या अरबांचा नव्हता हेही जाता जाता सांगायला हवं. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, त्याला इच्छा होऊ लागतात, आणि आईच्या पोटी आता दोन हृदयं म्हणून ती दौहृदिनी. आपल्या डोळ्याळ्यांचा, म्हणजे डोहाळ्यांचा उगम तिथेच सांगतात. ॲरिस्टॉटलने मुलासाठी चाळीस आणि मुलीसाठी नव्वद दिवस धरले होते. बाईला पोटात हालचाल जाणवू लागते ती साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात, आणि यंत्रं नसलेल्या काळात 'आत कुणीतरी आहे' याची खूण तेवढीच. इस्लाममध्ये विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. वरचे दहा दिवस कशासाठी, या प्रश्नावर एका जुन्या विद्वानाचं उत्तर नोंदलेलं आहे की त्या दहा दिवसांत प्राण फुंकला जातो. म्हणजे पोटात मूल असेल तर एव्हाना कळेलच.

आता यातली खरी गुंतागुंत. इस्लामपूर्व अरबस्तानात मुली जिवंत पुरण्याची चाल होती आणि कुराणाने तिच्यावर कडाडून हल्ला केला आहे. अन्नाच्या भीतीने मुलं मारू नका, अशीही स्पष्ट आज्ञा आहे. मग गर्भ पाडणं हे जिवंत पुरण्यासारखंच की नाही? आणि त्याही अलीकडे, गर्भ राहूच नये म्हणून पुरुषाने शेवटच्या क्षणी बाजूला होणं (त्याला 'अज़्ल' म्हणतात), तेही पाप का? एका हदीसमध्ये अज़्लला 'लपून केलेलं पुरणं' म्हटलंय. दुसरीत जाबिर नावाचे सहकारी सांगतात की कुराण उतरत होतं त्या काळातही आम्ही ते करत होतो. परंपरा अशी सांगते की खलिफा उमरसमोर हा वाद निघाला तेव्हा अलींनी निवाडा केला: सातही पायऱ्या ओलांडल्याशिवाय त्याला पुरणं म्हणता येत नाही. उमर खूश झाले.

या वादावरचं सगळ्यात सुंदर लेखन गज़ालीचं (१०५८–११११). हा माणूस तत्त्वज्ञ, सूफी, कायदेपंडित, सगळंच. त्याने अज़्लला परवानगी दिली आणि कारणंही मोकळेपणी दिली. बायकोचं रूप टिकावं, बाळंतपणात तिच्या जिवाला धोका होऊ नये, जास्त मुलं झाली की पोटासाठी वाईट मार्गाला लागावं लागतं ते टळावं, हे सगळं त्याला चालतं. (मुलगी होईल या भीतीने मात्र नाही, हे तो बजावून सांगतो.) अकराव्या-बाराव्या शतकातला एक धर्मपंडित 'बायकोचं रूप टिकावं' हे कारण मान्य करतो, हे वाचून मी पान उलटायचं थांबलो होतो.

पण गर्भपाताला तो नाही म्हणतो, आणि फरक समजावताना उदाहरण देतो ते बाजारातलं. व्यवहाराला दोन अंगं लागतात, एकाचा प्रस्ताव आणि दुसऱ्याचा स्वीकार. प्रस्ताव देऊन समोरच्याने हो म्हणण्याआधी मागे घेतला तर करार मोडला असं कुणी म्हणत नाही. पुरुषाचं बीज हा नुसता प्रस्ताव. ते बाईच्या बीजाशी मिळालं की करार झाला. त्यानंतर मागे फिरणं हा गुन्हा. मात्र हा गुन्हाही पायऱ्यापायऱ्यांनी वाढत जातो. थेंबापेक्षा गाठ पाडणं वाईट, गाठीपेक्षा गोळा, प्राण आल्यावर त्याहून, आणि जिवंत जन्मल्यावर मारणं सगळ्यात वाईट. मला यातलं गणित पटतं की नाही हा मुद्दा वेगळा, पण त्याच्या सांगण्यातच आणखी एक गोष्ट दडलेली आहे: मूल घडायला बाईचंही बीज लागतं, आणि करार तिच्या बाजूने पुरा होतो. ॲरिस्टॉटलसाठी बाई म्हणजे नुसती माती होती.

कायद्यात या प्रश्नाने प्रवेश केला तो मात्र गर्भपाताच्या नव्हे, मारामारीच्या वाटेने. हुज़ैल टोळीतल्या दोन बायका भांडल्या, एकीने दुसरीला दगड मारला, पोटातलं मूल गेलं. प्रेषितांनी मुलाची भरपाई ठरवली: एक दास किंवा दासी. याला 'गुर्रा' म्हणतात. भरपाई भरायची होती ती मारणारीच्या नातलगांनी, आणि त्यातल्या एकाने यमक जुळवून तक्रार केली की जे कधी खाल्लं नाही, प्यालं नाही, रडलं नाही, त्याचे पैसे आम्ही का भरायचे? प्रेषितांनी त्याला ज्योतिष सांगणाऱ्यांचा भाऊबंद ठरवून गप्प केलं. पुढे शास्त्रकारांनी गुर्ऱ्याची किंमत लावली, ती पूर्ण माणसाच्या खूनभरपाईच्या विसावा हिस्सा, म्हणजे शंभर उंटांऐवजी पाच. न जन्मलेल्याला किंमत आहे, पण जन्मलेल्याएवढी नाही. पुढचे सगळे वाद या पाच उंटांभोवतीच फिरतात असं म्हटलं तरी चालेल. शिया पंथाने तर पुरा दरतक्ताच केला: थेंबाला २० दिनार, गाठीला ४०, गोळ्याला ६०, हाडांना ८०, मांस चढल्यावर १००, आणि प्राण आल्यावर एकदम १०००.

या विषयातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी कथा उमरचीच आहे. एका बाईचा नवरा गावाला गेलेला. तिच्या घरी लोकांची ये-जा आहे असं उमरच्या कानावर आलं. त्याने तिला बोलावणं धाडलं. खलिफाने बोलावलं म्हटल्यावर ती इतकी घाबरली की वाटेतच कळा सुरू झाल्या, कुणाच्या तरी घरात शिरून ती बाळंत झाली, मूल दोनदा रडलं आणि गेलं. उमरने सहकाऱ्यांना विचारलं, माझ्याकडे काही लागतं का? सगळे म्हणाले, छे, तुम्ही राज्यकर्ते, शिस्त लावणं तुमचं कामच. अली गप्प होते. त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले की हे त्यांचं खरं मत असेल तर ते चुकलेत, आणि तुम्हाला खूश करायला बोलले असतील तर त्यांनी तुमचं हित पाहिलेलं नाही. भरपाई तुम्हीच द्यायची, कारण घाबरवलं तुम्ही. उमरने ती दिली. बाईच्या चालीबद्दल पुढे चौकशी झाली की नाही, ते कथेत नाही. कथेला त्यात रसच नाही.

पंथांच्या भूमिकांचा तक्ता मी इथे मांडत बसत नाही. मालिकी सगळ्यात कडक, बहुतेकांच्या मते पहिल्या दिवसापासून मनाई. हंबलींमध्ये अनेक जण चाळीस दिवसांपर्यंत सोडतात. शाफ़ईंमध्ये दोन्हीकडची माणसं आहेत. हनफी सैल, पण कारण मागतात, आणि कारणाचं त्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे ती दूध आटलेली बाई. दमास्कसचे इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) तिचाच हवाला देतात. १२० दिवसांनंतर मात्र सगळ्यांचं एकमत: नाही.

आणि या 'नाही'तच एक भयंकर जागा होती. मूल पोटात आडवं अडकलं आहे, जिवंत आहे, आणि त्याला कापून काढल्याशिवाय आई वाचत नाही, तर? जुन्या हनफींचं उत्तर असं की कापू नये. आई मरेल ही नुसती शक्यता, मूल मारणं ही खात्री. शक्यतेसाठी खात्रीचा जीव घेता येत नाही. (आई मेलेली असेल आणि पोटात मूल हलत असेल तर मात्र आईचं पोट फाडायला हनफींची परवानगी होती.) तर्क बिनचूक आहे आणि म्हणूनच तो वाचवत नाही. विसाव्या शतकात अल-अज़हरचे शेख महमूद शल्तूत यांनी तो उलटवला. आई हे मूळ, गर्भ ही फांदी. आईला आयुष्य आहे, जबाबदाऱ्या आहेत, तिच्यावर अवलंबून असलेली माणसं आहेत. फांदीसाठी मूळ तोडत नाहीत. आज बहुतेक सगळे शास्त्री हेच सांगतात आणि जणू नेहमी हेच सांगत आलो अशा थाटात सांगतात. बदल असाच होतो बहुधा.

एक गोष्ट आपल्याकडे फारशी लक्षात घेतली जात नाही. मुस्लिम देशांत गर्भपातावर सरसकट फौजदारी बंदी आली ती बऱ्याच ठिकाणी युरोपच्या हातून किंवा युरोपकडे पाहून. उस्मानी सुलतानाने १८३८ साली गर्भपाताविरुद्ध फर्मान काढलं त्यामागे प्रजा वाढवण्याची चिंता होती, आणि १८५८ चा त्यांचा दंडविधान फ्रेंच नमुन्यावर बेतलेला. आपल्याकडे १८६० साली इंडियन पीनल कोड आलं. कलम ३१२: आईचा जीव वाचवण्यापलीकडे कुठलंही कारण मान्य नाही, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पोटात हालचाल सुरू झाली असेल तर सातपर्यंत. दूध आटलेल्या बाईला औरंगजेबाच्या ग्रंथात जी सवड होती ती मेकॉलेच्या कायद्यात राहिली नाही.

भारतात ही कोंडी १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने सुटली. पाकिस्तानात ती सुटली, कागदावर तरी, १९९० मध्ये आणि इस्लामीकरणातून! किसास-दियत वटहुकमाने इंग्रजी कलमं काढून 'इस्कात-ए-हमल' आणि 'इस्कात-ए-जनीन' असे दोन गुन्हे केले. अवयव तयार होण्याआधी जीव वाचवण्याबरोबरच 'आवश्यक उपचार' हेही कारण चालतं, अवयव तयार झाल्यावर फक्त जीव वाचवणं. 'आवश्यक उपचार' म्हणजे काय ते कायदा सांगत नाही, त्यामुळे डॉक्टर घाबरतात आणि बायका सुईणींकडे जातात, ही पुढची कथा.

बांगलादेशाने तिसरीच वाट काढली. १८६० चं कलम तिथे अजून आहे. १९७१ च्या युद्धात बलात्कार झालेल्या स्त्रियांसाठी १९७२ मध्ये ते बाजूला ठेवलं गेलं. आणि १९७९ पासून सरकारी कुटुंबनियोजनात 'पाळी नियमित करणे' नावाची सेवा आहे. पाळी चुकली, गर्भ आहे की नाही याची तपासणी करायची नाही, हातपंपाने गर्भाशय रिकामं करायचं. आता १० ते १२ आठवड्यांपर्यंत हे चालतं. गर्भ होता असं कुणी सिद्धच केलेलं नसल्यामुळे गर्भपातही नाही. याला कुणी पळवाट म्हणेल. पण आलमगिरीत त्या दूध आटलेल्या बाईसाठी जो शब्दप्रयोग आहे त्याचा सरळ अर्थ 'रक्त उतरवण्याचा उपचार' असाच आहे. आपल्याकडेही बायका 'पाळी आणायचं औषध' म्हणतात, 'पिशवी साफ केली' म्हणतात. सुईणीची भाषा, शास्त्रीबुवांची भाषा आणि ढाक्याच्या सरकारी परिपत्रकाची भाषा एकच निघावी याची मला मौज वाटते.

(ट्युनिशियाने १९७३ मध्येच पहिल्या तीन महिन्यांत मागेल तिला गर्भपात दिला, फ्रान्सच्या दोन वर्षं आधी. तुर्कस्तानने १९८३ मध्ये दहा आठवड्यांपर्यंत, लग्न झालेलीला नवऱ्याच्या संमतीची अट घालून.)

आता सोनोग्राफीचा काळ. मक्केतल्या फिकह परिषदेने १९९० साली ठरवलं की गर्भात बरं न होणारं गंभीर व्यंग आहे असं तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने सांगितलं, तर आई-वडिलांच्या मागणीवरून १२० दिवसांच्या आत गर्भपात करता येईल. ऐकायला मोठी सवलत वाटते. पण हिशेब करून बघा. हदीसचे दिवस गर्भधारणेपासूनचे, डॉक्टरांचे आठवडे शेवटच्या पाळीपासूनचे. दोन आठवड्यांचा फरक. १२० दिवस म्हणजे डॉक्टरी एकोणीस आठवडे. गर्भातली व्यंगं पाहायची सविस्तर सोनोग्राफी होते अठरा ते वीस आठवड्यांत. म्हणजे रिपोर्ट हातात येईतो दार बंद व्हायला आलेलं, किंवा बंद झालेलं. समिती बसायची कधी, ठरवायचं कधी? आपल्या कायद्याची २० आठवड्यांची मर्यादा याच खडकावर वर्षानुवर्षं आपटत होती. एकेक बाई कोर्टात जात होती, आणि २०२१ मध्ये काही गटांसाठी ती २४ झाली. संसदेला आकडा बदलता येतो. हदीसचा बदलता येत नाही.

इराणने यावर उलट्या बाजूने तोड काढली: आकडा हलत नाही, तर तपासणी अलीकडे आणा. तिथे थॅलेसेमियाचं प्रमाण मोठं. लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी सक्तीची झाली, आणि १९९० च्या दशकात थॅलेसेमियाग्रस्त गर्भ लवकरच्या आठवड्यांत पाडायला धर्मगुरूंकडून फतवा मिळाला. दहा-बारा आठवड्यांत गर्भाची जनुकीय चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. २००५ मध्ये कायदाच झाला: तीन डॉक्टर आणि न्यायवैद्यक खात्याचा दाखला, व्यंग किंवा आईच्या जिवाला धोका, आणि प्राण येण्याआधी, म्हणजे चार महिन्यांच्या आत. नवऱ्याची नव्हे, बाईची संमती.

पुढे लोकसंख्या घटते आहे याची सरकारला काळजी लागली आणि २०२१ मध्ये 'तरुण लोकसंख्ये'चा कायदा आला. चार महिन्यांची मर्यादा तीच आहे, शास्त्रार्थात तसूभर फरक नाही. फक्त दाखला देणाऱ्या समितीत आता न्यायाधीश बसतो, निर्णय त्याचा, आणि डॉक्टरांनी गरोदर बाईला आपणहून तपासणीला पाठवण्यावर बंधनं आली. तपासणीच उशिरा झाली की १२० वा दिवस आपोआप उलटतो.